महासंगणक, मनीऑर्डर आणि आफ्रिका

२०२५ साली महाराष्ट्रदिनाच्या सुमारास सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या प्रशासनाने आपल्या कारभारात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर हाती घेतला. असे करणारा हा देशातील पहिलाच जिल्हा असल्याचे सांगण्यात आले; पुढे नीती आयोगाचे पथकही पाहणीसाठी येऊन गेले. मृग नक्षत्राच्या पहिल्या वादळात ज्या जिल्ह्यातील वीज आणि पाठोपाठ भ्रमणध्वनीची ‘रेंज’ही जाते, त्याने असे पाऊल उचलावे याचे कौतुकच केले पाहिजे. पण कौतुकाच्या भरात एक साधा प्रश्न मागे राहू नये. ही यंत्रणा चालवणारी, बिघडली तर दुरुस्त करणारी आणि उद्या गरज बदलली की बदलून देणारी माणसे कोठली असतील? ओरोसची, कुडाळची, मालवणची, की दर खेपेस मुंबईहून वा बंगळुरूहून आणावी लागणारी?

अरबी समुद्राच्या पलीकडे एक अख्खा खंड गेली पंचवीस वर्षे याच प्रश्नाशी झुंजतो आहे. आफ्रिकेला यंत्रे देणारे पुष्कळ भेटले. यंत्रांबरोबर माणसे घडवणारे थोडे भेटले. त्या थोड्यांमध्ये पुण्यात उभ्या राहिलेल्या एका संस्थेचे नाव आहे, आणि त्या संस्थेच्या पाठीशी एका मराठी तंत्रज्ञाचे आयुष्य आहे. सिंधुदुर्गातील सुशिक्षित तरुणाला अमेरिकेतील संगणक कंपन्यांच्या प्रमुखांची नावे तोंडपाठ असतात. ही कहाणी मात्र त्याच्या कानावर फारशी आलेली नसते.

डॉ. विजय भटकर यांचा जन्म ११ ऑक्टोबर १९४६ रोजी अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यात झाला. नागपूरला अभियांत्रिकीची पदवी, बडोद्याला पदव्युत्तर शिक्षण आणि १९७२ साली दिल्लीच्या आयआयटीतून डॉक्टरेट, असा त्यांचा शैक्षणिक प्रवास. त्या काळी एवढी गुणवत्ता अंगी असलेला तरुण अमेरिकेचे विमान पकडत असे आणि त्याच्या आईवडिलांना त्याचा अभिमानही वाटत असे. भटकर देशातच राहिले. आधी दिल्लीत इलेक्ट्रॉनिक्स आयोगाच्या कामात आणि नंतर तिरुवनंतपुरमच्या इलेक्ट्रॉनिक्स संशोधन व विकास केंद्रात त्यांनी पंधरा वर्षे काढली. प्रसिद्धीच्या दृष्टीने ही वर्षे कोरडीच म्हणायची. पुढे जे घडले त्याची मशागत मात्र त्यांतच झाली.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारताला हवा असलेला क्रे कंपनीचा महासंगणक अमेरिकेने नाकारला. हवामानाच्या अंदाजासाठी म्हणून कमी क्षमतेचे यंत्र देऊ केले, तेही अटी घालून. आपल्या मान्सूनचे गणित आपण कोणत्या यंत्रावर मांडायचे हे दुसऱ्या देशाच्या अधिकाऱ्याने ठरवावे, हा अपमान होता. त्या अपमानातून मार्च १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक स्थापन झाले आणि भटकर त्याचे संस्थापक कार्यकारी संचालक झाले. मुदत तीन वर्षांची होती. १९९१ साली ‘परम ८०००’ उभा राहिला. एकच महाबलाढ्य प्रक्रियक बनवण्याऐवजी लहान लहान प्रक्रियक समांतर जोडून त्यांच्याकडून एकत्र काम करवून घ्यायचे, ही त्यामागची युक्ती होती. येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. ‘परम’मधील ट्रान्सप्युटर ब्रिटिश कंपनीचे होते. स्वदेशीचा अर्थ प्रत्येक खिळा घरच्या लोखंडाचा असा लावणाऱ्यांना ते खटकेल. पण ते सुटे भाग कसे गुंफायचे, त्यांच्यावर कोणती आज्ञावली चालवायची आणि त्यांतून कोणते काम करून घ्यायचे, याचे ज्ञान येथल्या डोक्यांत होते. स्वदेशीचे मर्म तेथे होते.

आज साधा भ्रमणध्वनीसुद्धा गणिताच्या वेगात ‘परम ८०००’ला मागे टाकतो. यंत्र जुने होतेच. राहिली ती माणसे. संगणकाला देवनागरी आणि इतर भारतीय लिप्या शिकवणारा ‘जिस्ट’ हा सी-डॅकचा गट, १९९३ पासून प्रगत संगणनाचे वर्ग चालवणारी तेथील प्रशिक्षणशाळा, तिच्यातून बाहेर पडलेले हजारो तरुण, ही खरी जमा. सी-डॅक सोडल्यावर भटकरांनी ‘एज्युकेशन टू होम’सारख्या उपक्रमांतून संगणक घराघरांत शिक्षक म्हणून नेण्याचा ध्यास घेतला. विज्ञान भारतीचे राष्ट्रीय अध्यक्षपद त्यांनी भूषविले, नालंदा विद्यापीठाचे ते कुलपती झाले. २००० साली पद्मश्री आणि २०१५ साली पद्मभूषण मिळाले. पुरस्कारांची यादी एवढी पुरे. आफ्रिकेच्या संदर्भात महत्त्वाचे ते हे, की ज्याला नाकारले गेले त्याने ज्ञान मिळवल्यावर ते कुलुपात ठेवले नाही. देण्याजोगे काही हाती होते, म्हणूनच पुढे देता आले.

२००३ साली पश्चिम आफ्रिकेतील घाना या देशाच्या राजधानीत, अक्रा येथे, भारत आणि घाना यांच्या सहकार्याने माहिती तंत्रज्ञानाचे एक केंद्र सुरू झाले. त्या वेळचे संयुक्त राष्ट्रांचे महासचिव कोफी अन्नान हे घानाचे सुपुत्र. त्यांचेच नाव केंद्राला दिले गेले. तांत्रिक उभारणी सी-डॅककडे होती. ‘परम’ कुळातील संगणकही तेथे बसवण्यात आला. भटकर तोवर सी-डॅकमधून बाहेर पडले होते, हे नमूद करायला हवे. पण संस्था चांगली बांधली गेली होती की नाही याची परीक्षा संस्थापक गेल्यावरच होते, आणि सी-डॅक त्या परीक्षेला अक्रामध्ये उतरली.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की या केंद्राचे महासंचालकपद भारतीय अधिकाऱ्याकडे गेले नाही. ते घानाच्या डोरोथी गॉर्डन यांच्याकडे गेले. संयुक्त राष्ट्रांच्या विकासकार्याचा अनुभव गाठीशी असलेल्या या विदुषींना आंतरराष्ट्रीय नोकरशाहीत सुखाने राहता आले असते. त्यांनी अक्रातील या नव्या संस्थेचा संसार मांडला. केंद्र शिकवणीवर्ग बनून राहू नये, घानाच्या शासकीय खात्यांना आणि उद्योगांना स्वतःच्या आज्ञावली स्वतः लिहिता याव्यात, असा त्यांचा आग्रह राहिला. मुक्त आज्ञावलीच्या त्या खंद्या पुरस्कर्त्या. ज्या आज्ञावलीचे अंतरंग उघडून पाहता येते, बदलता येते, तीच गरीब देशाला परवडते. बंद पेटीतली आज्ञावली दरवर्षी परवान्याचे शुल्क मागते आणि प्रश्न विचारू देत नाही, ही त्यांच्या मांडणीमागची व्यवहारी भूमिका. पुढे युनेस्कोच्या ‘सर्वांसाठी माहिती’ या कार्यक्रमाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. भारताने पाया घालून द्यावा आणि घर तेथल्या गृहिणीने चालवावे, असे हे नाते होते. पाहुणा माजघरात ठाण मांडून बसला नाही.

याच काळात भारताने आफ्रिकेसाठी केलेला दुसरा मोठा प्रयोग याच्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. सप्टेंबर २००४ मध्ये राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांनी जोहान्सबर्ग येथे पॅन-आफ्रिकन संसदेपुढे एक कल्पना मांडली. उपग्रह आणि प्रकाशतंतू यांच्या साहाय्याने आफ्रिकी देशांना भारतातील विद्यापीठांशी आणि रुग्णालयांशी जोडायचे. त्यातून पॅन-आफ्रिकन ई-नेटवर्क साकारले. उभारणी टीसीआयएल या सरकारी कंपनीची, उपग्रहाचे मुख्य भूस्थानक सेनेगलमधील डाकार येथे, उद्घाटन २६ फेब्रुवारी २००९ रोजी. चाळीसहून अधिक देश त्यात सामील झाले. आफ्रिकेतील डॉक्टर रुग्णाची छायाचित्रे आणि अहवाल समोर ठेवून भारतातील तज्ज्ञांचा सल्ला घेऊ लागला. तेथला विद्यार्थी भारतीय विद्यापीठाची पदवी घरबसल्या मिळवू लागला. कल्पना उदात्त होती, तिने हजारोंचे भलेही केले. पण २०१७ साली कराराची मुदत संपली आणि हे जाळे थांबले. २०१९ मध्ये ‘ई-विद्याभारती’ आणि ‘ई-आरोग्यभारती’ या नावांनी नवी योजना आली, ती वेगळ्या बांधणीची. मधल्या काळात केंद्रे ओस पडली, कारण जाळ्याच्या नाड्या तेथल्या लोकांच्या हाती नव्हत्या. पैसा दिल्लीचा, उपग्रहाचे भाडे दिल्लीने भरायचे, निर्णय दिल्लीचा. ज्या योजनेत प्रत्येक देशाच्या राष्ट्रप्रमुखासाठी स्वतंत्र दृक्‌श्राव्य जोडणीची सोय होती, तिच्यात स्थानिक तंत्रज्ञांच्या पुढच्या दहा वर्षांची सोय तेवढ्याच काळजीने व्हायला हवी होती. भारताच्या हेतूविषयी शंका नाही. पण हेतू शुद्ध असला म्हणून नियोजनाची उणीव झाकावी असे नाही.

आता आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे, केनियाकडे वळू. येथे कोकणी वाचकाला आपलेच घर दिसावे.

कोकणाची अर्थव्यवस्था मनीऑर्डरची, असे कितीतरी वर्षे म्हटले गेले. घरटी एक पुरुष मुंबईत. गिरणीत, गोदीत, नाही तर कोणाच्या पेढीवर. महिन्याच्या दहा तारखेच्या आगेमागे पोस्टमन दारात दिसला की वाण्याच्या वहीतले खाते पुसले जाई, मुलांची फी भरली जाई, म्हातारीचे औषध येई. पोस्टाची वाट पाहण्याइतकी सवड नसली की गावाकडे निघालेल्या चाकरमान्याच्या हाती पाकीट दिले जाई. ते पोचेलच, हा भरवसा माणसावरचा असे. १९८२ च्या गिरणी संपाने हा झरा आटवला. पोरे तरीही बाहेर जातच राहिली. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार ८२५ होती, २०११ मध्ये ती ८ लाख ४९ हजार ६५१ झाली. देश वाढत असताना हा जिल्हा आकसला. बंद घरांच्या कुलपांना गंज चढतो आणि गणपतीच्या दहा दिवसांपुरते अंगण सारवले जाते, हे त्या आकड्यामागचे चित्र.

केनियाचे चित्र याहून फारसे निराळे नव्हते. नैरोबीत राबणारा मजूर गावाकडे पैसे पाठवायचा तर बसचालकाच्या हाती पाकीट द्यायचा. बँकेचे दार त्याच्यासाठी नव्हते. गावात तर बँकच नव्हती. मार्च २००७ मध्ये सफारीकॉम या कंपनीने तेथे ‘एम-पेसा’ सुरू केले. अगदी साधा भ्रमणध्वनी पुरे. नाक्यावरच्या दुकानदाराकडे रोख द्यायची, ती आपल्या क्रमांकावर जमा होते. संदेशाद्वारे ती गावच्या क्रमांकावर पाठवायची. तेथल्या दुकानात जाऊन घरच्यांनी ती रोखीने उचलायची. दुकानदार हाच बँकेचा कारकून झाला. काही वर्षांत केनियातील बहुतेक कुटुंबे या व्यवहारात आली. दूरध्वनीच्या तारा, बँकांच्या शाखा, धनादेश, पतपत्रे हे सर्व टप्पे ओलांडून या देशाने एकदम पुढची पायरी गाठली. वीजबिल, शाळेची फी, शेतमालाचे पैसे सारे त्याच वाटेने जाऊ लागले. डिजिटल परिवर्तन हा शब्द परिसंवादांतून ऐकला की डोळ्यांसमोर काचेच्या इमारती येतात. त्याची जगातील सर्वांत खणखणीत कथा नाक्यावरच्या किराणा दुकानात घडली.

त्या नावातला ‘पेसा’ म्हणजे आपला पैसाच. स्वाहिलीत दुकानाला ‘दुका’, गाडीला ‘गारी’, विम्याला ‘बिमा’, लाखाला ‘लाकी’ म्हणतात, आणि आंब्याला ‘एंबे’. ज्या मोसमी वाऱ्यांवर आपली गलबते त्या किनाऱ्याला लागत आणि तेथली आपल्याकडे येत, त्यांच्याच पाठीवर हे शब्द गेले. देवगडच्या आंबेवाल्याला मोंबासाच्या बाजारात आपले फळ मागायला दुभाष्याची गरज पडू नये! जंजिऱ्याच्या मुलखाला हबसाण म्हणत. आफ्रिका कोकणाला दूर कधीच नव्हती. मधल्या काळात आपण पश्चिमेकडे पाहताना तिच्या डोक्यावरून पाहू लागलो.

एम-पेसाच्या यशातही एक सल होती. ते वापरणारे केनियाचे, त्यावर जगणारे केनियाचे, पण त्याची मालकी ब्रिटनच्या व्होडाफोनकडे. २०२० साली सफारीकॉम आणि दक्षिण आफ्रिकेची व्होडाकॉम यांनी मिळून तिची मालकी घेतली, तेव्हा तेरा वर्षे उलटली होती. व्होडाफोनने २०१३ मध्ये हीच सेवा भारतातही आणली होती. ती येथे रुजली नाही आणि काही वर्षांत बंद पडली. भारताने निराळा मार्ग धरला. २०१६ साली राष्ट्रीय भुगतान निगमाने युपीआय सुरू केले. त्यात कोणा एका कंपनीची पेटी नाही. सर्व बँकांना आणि सर्व कंपन्यांना एकाच रस्त्यावरून जाण्याची मुभा आहे. मालवणच्या बंदरजेटीवर मासे विकणारी बाई आज चौकोनी ठिपक्यांचा फलक टांगून बसते ती या रस्त्यामुळे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ही सेवा मॉरिशसमध्ये पोचली. त्याच वर्षी नामिबियाच्या मध्यवर्ती बँकेशी करार झाला तो थोडा पुढचा. तेथे भारताचे युपीआय चालवायचे नसून, त्याच धर्तीची नामिबियाची स्वतःची प्रणाली उभी करून द्यायची आहे. बंगळुरूच्या आयआयआयटीत विकसित झालेली ‘मोसिप’ ही ओळखप्रणालीही मुक्त आज्ञावलीची आहे. मोरोक्कोने ती घेतली, इथिओपियाने आपली ‘फायदा’ ही राष्ट्रीय ओळखपत्र योजना तिच्यावर उभारली. आज्ञावली त्यांच्या हाती, विदा त्यांच्या देशात. अक्रामध्ये गॉर्डनबाईंनी जो आग्रह धरला होता, तो आता धोरण होऊ लागला आहे.

याचे महत्त्व कळण्यासाठी उलट बाजूही पाहावी. इथिओपियाच्या अदिस अबाबा येथील आफ्रिकी संघाचे भव्य मुख्यालय चीनने २०१२ मध्ये बांधून भेट दिले, आतील संगणकांसह. तेथील माहिती रोज रात्री शांघायकडे वाहत असल्याचे वृत्त जानेवारी २०१८ मध्ये ‘ल मोंद’ या फ्रेंच दैनिकाने दिले. चीनने ते साफ नाकारले, आफ्रिकी संघाच्या पदाधिकाऱ्यांनीही त्याचा इन्कार केला. खरेखोटे काय ते त्यांना ठाऊक. पण ज्या घराच्या भिंतीतल्या तारा कोणी ओढल्या हे घरधन्यालाच माहीत नाही, त्या घरात असा संशय निर्माण होणारच.

मात्र चीनकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. भारताची यंत्रे आफ्रिकेत आदराने स्वीकारली जातात. आफ्रिकेची मुले भारतात कशी वागवली जातात? फेब्रुवारी २०१६ च्या सुमारास बंगळुरूमध्ये टांझानियाच्या एका विद्यार्थिनीवर जमावाने हल्ला केला. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियाच्या विद्यार्थ्यांना मारहाण झाली. घाना विद्यापीठाच्या आवारात २०१६ साली राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते बसवलेला गांधीजींचा पुतळा डिसेंबर २०१८ मध्ये काढण्यात आला. आक्षेप घेणाऱ्या प्राध्यापकांनी गांधीजींच्या तरुणपणीच्या लेखनातील आफ्रिकी लोकांविषयीच्या उल्लेखांवर बोट ठेवले होते. गांधीजींच्या पुढच्या आयुष्याचा विचार करता तो निर्णय अन्याय्य होता असे म्हणता येईल. पण अक्रा हे तेच शहर, जेथे भारताने संगणक केंद्र उभारले! दिलेल्या यंत्रांनी मिळवलेली सदिच्छा वागणुकीच्या आठवणीपुढे किती टिकते याचा हिशेब आपण कधी मांडला आहे काय? ‘हबशी’ हा शब्द मराठी घरांत कोणत्या सुरात उच्चारला जातो, हे वेगळे सांगायला नको. ‘वसुधैव कुटुंबकम्’ हे वचन कार्यक्रमाच्या फलकावर लिहायला सोपे आहे; पुण्यात भाड्याची खोली शोधणाऱ्या सुदानी वा टांझानियन विद्यार्थ्यापुढे दार उघडताना त्याची कसोटी लागते. शाखेच्या, मंडळाच्या, सोसायटीच्या कार्यकर्त्याला हे काम आजही करता येण्यासारखे आहे आणि त्याला महासंगणक लागत नाही.

मराठी माणसाने ही कसोटी पूर्वी उत्तम रीतीने दिली आहे. औंधचे राजपुत्र अप्पासाहेब पंत १९४८ साली स्वतंत्र भारताचे पूर्व आफ्रिकेतील पहिले आयुक्त म्हणून नैरोबीला गेले. तेथल्या भारतीय व्यापाऱ्यांना त्यांनी सांगितले की आपले भवितव्य आफ्रिकी बांधवांच्या भवितव्याशी बांधलेले आहे. आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या मिळाव्यात म्हणून ते झटले. त्यांची ही जवळीक ब्रिटिश सत्तेला इतकी खुपली की १९५४ मध्ये त्यांना तेथून हलावे लागले. ज्ञान देण्याआधी मान द्यावा लागतो हे त्यांना कळत होते. १९६४ साली सुरू झालेल्या ‘आयटेक’ योजनेतून आजही आफ्रिकेतील अधिकारी आणि तंत्रज्ञ प्रशिक्षणासाठी भारतात येतात; पंतांनी जी वाट पाडली तिच्यावरूनच ते येतात असे म्हटले तर वावगे होणार नाही.

या साऱ्यात सिंधुदुर्गाचे काय? जिल्ह्यात मालवणचे शासकीय तंत्रनिकेतन आहे, कणकवलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. दरवर्षी तेथून पदव्या घेऊन मुले बाहेर पडतात आणि पुण्या-मुंबईची गाडी पकडतात. त्यांच्या पुढ्यात आफ्रिका हा पर्याय कोणी ठेवतच नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयआयटी मद्रासने झांझिबारमध्ये आपले आवार सुरू केले. देशाबाहेर गेलेली ही पहिली आयआयटी, आणि विदाशास्त्र व कृत्रिम बुद्धिमत्ता हा तिच्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमांतला एक. झांझिबार म्हणजे लवंग, नारळ, मासळी आणि पर्यटक यांवर जगणारे बेट. वेंगुर्ल्याच्या माणसाला तेथे परके वाटण्याचे कारण नाही. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेकडून मालवण-देवगडच्या मच्छीमारांना मासळीच्या संभाव्य क्षेत्रांची आणि लाटांची सूचना भ्रमणध्वनीवर मिळते. हीच संस्था सेशेल्स आणि कोमोरोससारख्या द्वीपदेशांसाठीही समुद्राचे अंदाज तयार करते. समुद्र एक, वारे तेच, अंदाज देणारी संस्था तीच. मग ती सूचना मालवणीत आणि स्वाहिलीत नीट पोचवणारी, होडीवरच्या अल्पशिक्षित तांडेलाला ऐकून कळेल अशी आज्ञावली देवबागच्या एखाद्या मुलाने का लिहू नये? आफ्रिकेतील तरुण संशोधकांनी आपल्या भाषा यंत्राला शिकवण्यासाठी ‘मासाखाने’ नावाची चळवळ उभी केली आहे. झुलू भाषेत त्याचा अर्थ ‘चला, मिळून बांधूया’. भारत सरकारची ‘भाषिणी’ २०२२ पासून त्याच दिशेने चालली आहे. मालवणी या दोन्हींच्या नकाशावर यायची तर तिच्यासाठी मालवणी बोलणारेच लागतील.

आणि जिल्ह्याच्या कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी. ती राबवताना जे करार होतात त्यांत दोन गोष्टी असल्या पाहिजेत. जिल्ह्याच्या विदेची मालकी आणि ती सोबत घेऊन दुसऱ्या प्रणालीकडे जाण्याचा हक्क जिल्ह्याकडे राहील, ही एक. पुरवठादाराने ठरावीक मुदतीत स्थानिक तंत्रनिकेतनांतील इतक्या मुलांना ही प्रणाली चालवण्याइतके आणि बदलण्याइतके तयार करावे, ही दुसरी. घानाने आपल्या केंद्राच्या महासंचालकाची खुर्ची आपल्याच बाईला दिली होती. सिंधुदुर्गाला निदान देखभालीची खुर्ची तरी आपल्या मुलांसाठी मागता येईल. जिल्हा नियोजन समितीच्या येत्या बैठकीत कोणा सदस्याने ती करारपत्रे मागून घ्यावीत आणि ही दोन कलमे त्यांत आहेत का, ते वाचून पाहावे.